कोकम, जांभूळ, आवळा, करवंद आणि आपलं लिव्हर: खरं किती, जाहिरात किती?

रातांबी

बाजारात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, दिसायला लागली तसे घरच्या ग्रुपवर नेहमीचे निरोपही सुरू झाले. कोकम प्या, लिव्हर धुऊन निघेल. जांभूळ पावडर घ्या, फॅटी लिव्हर महिन्यात जाईल. माझं काम पेशींच्या प्रयोगशाळेतलं आणि गाव सिंधुदुर्गातलं, म्हणून हा विषय दोन्हीकडून जिव्हाळ्याचा. या फळांत दम आहे यात मला शंका नाही. तो कुठवर दिसलाय आणि कुठून पुढे नुसती विक्री सुरू होते, हे एकदा नीट बोलू या.

आधी लिव्हरचं. आतड्यात शोषलेलं बहुतेक सगळं रक्तावाटे पहिल्यांदा लिव्हरकडे जातं. औषध, दारू, बुरशीचं विष, सगळ्याचं रूपांतर तिथे होतं, आणि त्या रूपांतराच्या मधल्या टप्प्यावर कधी कधी मूळ पदार्थापेक्षा घातक काहीतरी तयार होतं. पॅरासिटामॉलचं बघा. योग्य डोसमध्ये त्याचा थोडासाच भाग विषारी रूपात जातो आणि पेशीतलं ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडून निकामी करतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि ते विष पेशीच्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. अशा रुग्णाला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात ते हा साठा परत भरून काढायला.

फळांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं इथे दोन तऱ्हांनी उपयोगी पडू शकतात. एक म्हणजे मोकाट फिरून पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना, म्हणजे रॅडिकल्सना, स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन थंड करणं. दुसरी तऱ्हा मला जास्त महत्त्वाची वाटते. ही द्रव्यं पेशीला हलकंसं डिवचतात, त्यामुळे एनआरएफ-टू नावाचं प्रथिन केंद्रकात जातं आणि पेशी आपणहून ग्लुटाथायोन बनवण्याची यंत्रणा वाढवते. म्हणजे संरक्षण फळ करत नाही, फळाच्या निमित्ताने पेशी स्वतःच करते.

आता आपली फळं. कोकमाच्या सालीत सायनिडिन जातीची अँथोसायनिन रंगद्रव्यं आहेत, शिवाय गार्सिनॉल आणि हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. जांभळाच्या सालीत डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्विडिन. जीभ जांभळी होते ती यांच्यामुळेच. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर, आणि त्याच्या जोडीला गॅलिक आम्लापासून बनलेली तुरट द्रव्यं. करवंदातही अँथोसायनिन आहेत, पण त्याच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा: लिव्हरसाठी म्हणून ज्याचा दाखला देतात तो उंदरांवरचा प्रयोग करवंदाच्या मुळाच्या अर्काचा आहे. फळाचा नाही. मुळाचं श्रेय फळाला लावून पावडर विकली जाते.

अवधूत_क

छान धागा. पण थेट विचारतो. उंदरांत लिव्हर वाचलं असेल तर माणसांत का नाही वाचणार? शेवटी औषधंही आधी उंदरांवरच तपासतात ना?

रातांबी

अवधूत, प्रश्न रास्त आहे. थोडं सविस्तर सांगते.

असे बहुतेक प्रयोग एकाच साच्यातले असतात. उंदराला आठवडाभर किंवा जास्त अर्क पाजायचा, मग कार्बन टेट्राक्लोराइड, पॅरासिटामॉलचा मोठा डोस किंवा दारू द्यायची, आणि एसजीपीटी, एसजीओटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी विकरं) मोजायचं. अर्क घेतलेल्या उंदरांत आकडे कमी आले की लिव्हरचं रक्षण झालं असा निष्कर्ष. कोकमाच्या सालीवर, आवळ्यावर, जांभळावर असं काम झालेलं आहे आणि निकाल चांगले आहेत.

पण तीन गोष्टी बघा. अर्क आधी दिलेला असतो, विष नंतर. आपण मात्र फॅटी लिव्हर झाल्यावर कोकम शोधायला निघतो. दुसरं, कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं काही करत नाही. लिव्हरमधलं विकर त्याचं रॅडिकल बनवतं तेव्हा नुकसान होतं. एखाद्या अर्काने ते विकरच मंद केलं तरी लिव्हर वाचल्यासारखं दिसतं. त्यात अँटिऑक्सिडंटचा काही संबंधच नसतो. तिसरं म्हणजे डोस. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क हा अगदी नेहमीचा डोस. उंदरावरून माणसाचा डोस काढताना साधारण ६.२ ने भागतात. ६० किलोच्या माणसाला तो रोज जवळजवळ ४ ग्रॅम अर्क झाला. दहा ग्रॅम सुक्या सालीतून एक ग्रॅम अर्क निघतो असं धरलं तर रोज चाळीस ग्रॅम सुकी आमसुलं. कोण खाणार?

पेशींवरच्या प्रयोगांचंही सांगते, कारण ते मी रोज करते. आम्ही हेपजीटू नावाच्या पेशी वापरतो. या मूळच्या एका लिव्हरच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी आहेत. त्यांच्यात औषधांचं रूपांतर करणारी विकरं खऱ्या लिव्हरपेक्षा खूप कमी असतात. किती पेशी जगल्या हे बघायला एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य टाकतो. जिवंत पेशी त्याचं जांभळं करते. जितकं गडद जांभळं, तितक्या जास्त पेशी जिवंत, असं वाचायचं. आता अडचण अशी की कोकम किंवा आवळ्याचा अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतो, कारण तो स्वतःच इलेक्ट्रॉन देणारा आहे. मी रिकाम्या प्लेटमध्ये नुसता अर्क आणि एमटीटी टाकून ठेवते, तेव्हा तासाभरात वाटी जांभळी झालेली दिसते, आत एकही पेशी नसताना. म्हणून अर्क धुऊन काढून मग एमटीटी टाकायचं आणि पेशीविना अर्काची एक रांग कायम बाजूला ठेवायची. एखाद्या शोधनिबंधात ती रांग नसेल तर त्यातल्या ९५ टक्के पेशी वाचल्या वगैरे आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

मीनल_पुणे

बाप रे, एमटीटीचं माहीतच नव्हतं. आणि ते पाकिटावर ओरॅक इतके हजार लिहिलेलं असतं ते?

रातांबी

मीनल, ओरॅक म्हणजे परीक्षानळीत रॅडिकल विझवण्याची क्षमता. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची मोठी यादी वेबसाइटवर ठेवली होती, ती २०१२ मध्ये काढून टाकली. कारण सरळ होतं. त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता आणि कंपन्या ते आकडे विक्रीसाठी वापरत होत्या. अँथोसायनिन जशीच्या तशी रक्तात फार थोडी पोचतात. बरीचशी मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे लिव्हरकडे येतात. त्यामुळे नळीतलं फळ आणि पोटातलं फळ वेगळं.

डॉ_माणगावकर

पोटविकारांचा डॉक्टर आहे, मुंबईत प्रॅक्टिस. रातांबीताईंनी प्रयोगशाळेची बाजू चोख मांडली, मी ओपीडीची मांडतो.

भारतात प्रौढांतल्या फॅटी लिव्हरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये आला, त्यात प्रमाण ३८ टक्क्यांच्या पुढे होतं. माझ्याकडे येणाऱ्यांत दारूचा थेंबही न घेणारे भरपूर असतात. पोटाचा घेर, साखर, बैठं काम. यांच्या लिव्हरमध्ये साठणाऱ्या चरबीचा काही भाग साखरेपासून तिथेच तयार होतो, आणि साखरेतला फ्रुक्टोजचा अर्धा भाग यात पुढे असतो.

आता सांगा, कोकम सरबत आपण कसं करतो? अमृत कोकमाला सालीच्या दुप्पट साखर. बरणीत सालीचा थर, साखरेचा थर, आणि आठवडाभर उन्हात. लिव्हरसाठी म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन ग्लास ते सरबत पिणारे रुग्ण मी बघतो. कोकमातल्या रंगद्रव्याने काही भलं केलंच तर त्या साखरेने ते कधीच पुसून टाकलेलं असतं. मोरावळा, जांभळाचं सरबत, करवंदाचा जॅम, सगळ्यांची हीच गत.

ज्याने फायदा होतो हे माणसांत सिद्ध झालंय ते सांगतो: वजन. पाच टक्के उतरलं तर लिव्हरची चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही कमी व्हायला लागते. ८० किलोच्या माणसाला हे सहा ते आठ किलो. फळ खा, जरूर खा, पण फरसाण आणि बिस्किटाच्या जागी खा.

भिरंडेल

गोव्यातून लिहितेय. डॉक्टर, आमच्याकडे साखरेचं सरबत पाहुण्यांना. रोजची ती सोलांची कढी. सोलं कोमट पाण्यात भिजत घालायची, कुस्करायची, लसूण-मिरची ठेचून, मीठ, वर कोथिंबीर. साखर नाही, काही वेळा नारळाचा रसही नाही. जेवणावर वाटीभर. असं चालेल ना?

डॉ_माणगावकर

उत्तम. हीच खरी पद्धत.

सुलक्षणा

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मिस्टरांना सिऱ्हॉसिस आहे, पोटात पाणी होतं, दोनदा काढावं लागलं. एका नातेवाइकाने रत्नागिरीहून आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) बाटल्या आणून दिल्या आहेत, रोज दोन चमचे पाण्यातून द्या म्हणाले, लिव्हर सुधारतं. औषधांबरोबर देऊ का? कृपया सांगा.

डॉ_माणगावकर

सुलक्षणाताई, देऊ नका. आगळ टिकतं ते मिठामुळे, आणि त्यात मीठ भरपूर असतं. पोटात पाणी होणाऱ्या सिऱ्हॉसिसमध्ये दिवसभराचं सगळं मिळून मीठ साधारण पाच ग्रॅमच्या आत ठेवतो आम्ही, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, पोळी सगळं आलं. रोजच्या आगळाने पाणी परत भरेल. लोणचं, पापड, खारवलेलं काहीच नको. आंबट हवंसं वाटलं तर बिनमिठाचं आमसूल मिळतं का बघा, नाहीतर लिंबू. आणि प्रथिनं कमी करू नका, सिऱ्हॉसिसमध्ये ती लागतात. रात्री झोपण्याआधी काहीतरी खायला देत जा. फळं कुठली आणि किती हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण लघवीच्या गोळ्यांपैकी एक पोटॅशियम वाढवणारी असते.

सुलक्षणा

मनापासून आभार डॉक्टर. बाटल्या बाजूला ठेवल्या.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. इथे गार्सिनियाच्या कॅप्सूल वजन उतरवायला सर्रास मिळतात. आमच्या ओळखीतल्या एका मराठी मुलीने, आपलं कोकमच तर आहे म्हणून, त्या दोन महिने घेतल्या. डोळे पिवळे झाले, एसजीपीटी हजाराच्या पुढे. कॅप्सूल बंद केल्यावर हळूहळू उतरलं. आता ती आमसूल घातलेली आमटीही खायला घाबरते. बरोबर आहे का तिचं?

रातांबी

हा मुद्दा यायलाच हवा होता.

त्या कॅप्सूलमधली गार्सिनिया म्हणजे बहुतेक वेळा गार्सिनिया कँबोजिया, केरळात मासळीच्या कालवणात घालतात तो मलबारी कुडमपुळी. आपलं कोकम त्याचं भावंड, गार्सिनिया इंडिका. दोन्हींत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. लिव्हरमध्ये साखरेपासून चरबी बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर हे आम्ल अडवतं, हे १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दिसलं आणि तिथून वजन उतरवण्याच्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. मे २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने (एफडीए) हायड्रॉक्सिकट नावाची वजन उतरवण्याची उत्पादनं वापरू नका असा इशारा दिला. लिव्हरच्या इजेच्या २३ तक्रारी आल्या होत्या, एक मृत्यूही होता. त्या गोळ्यांत इतरही बरंच काही होतं, त्यामुळे दोष नेमका कुणाचा यावर वाद झाला. पण नंतर नुसती गार्सिनिया घेतलेल्यांतही लिव्हरची इजा नोंदली गेली. आणि अलीकडे एक जनुकीय दुवाही मिळालाय. एचएलए-बी ३५:०१ हा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना गार्सिनिया, ग्रीन टीचा अर्क आणि हळदीच्या गोळ्या यांनी लिव्हरला इजा होण्याची शक्यता जास्त.

आता आमटीचा हिशेब. कोकमाच्या सालीत हे आम्ल दहा ते बारा टक्क्यांच्या आसपास सापडलं आहे. चार-पाच आमसुलं म्हणजे साधारण पाच ग्रॅम, त्यात अर्धा ग्रॅम आम्ल. ते पातेलंभर आमटीत, चार-पाच जणांत वाटलं जातं. माणशी शंभर मिलिग्रॅम. कॅप्सूलवाले दिवसाला दीड ते अडीच हजार मिलिग्रॅम पोटात टाकतात, महिनोन्महिने, बऱ्याचदा उपाशीपोटी. पिढ्यान् पिढ्या कोकणात आमसूल खाल्लं जातंय ते आमटीच्या मापाने. त्या मुलीला सांगा, तिच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर आमटी खाऊ दे, कॅप्सूल मात्र पुन्हा आयुष्यात नको.

वैद्य_अनुराधा

आयुर्वेदाची वैद्य आहे. ताईंच्या आमटीच्या मापाशी पूर्ण सहमत. आवळा आमच्याकडे रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारा, मानतात, त्रिफळ्यात आहे, च्यवनप्राशात आहे. पण प्रकृती, अग्नी, ऋतू बघून मात्रा ठरते. आज लोक ऑनलाइन आवळ्याचा अर्क मागवतात, सोबत गुळवेल, सोबत आणखी काही, सगळं एकदम. मी रुग्णाला पहिल्याच भेटीत घरातली सगळी पाकिटं आणि बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगते.

डॉ_माणगावकर

वैद्यबाई, ती पिशवीची सवय सगळ्यांनी लावून घ्यायला हवी. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तेव्हा वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी असं म्हटलं. पण रुग्णाच्या बाजूने बघितलं तर बाटलीत नक्की काय आहे हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो. फळाचं तसं नाही. जांभूळ जांभूळच असतं, हातात धरून बघता येतं.

देवगडकर_भाऊ

फळ हातात धरून बघता येतं, सरबताचं काय? रस्त्याला मिळणारी लालभडक कोकम सरबतं नुसता रंग असतात काही.

घरी बघायची रीत सांगतो. सरबताचे चार थेंब बशीत घ्या, चिमूटभर खायचा सोडा टाका. खऱ्या कोकमाचा लाल रंग लगेच मळकट निळसर-हिरवट होतो. लिंबू पिळलं की परत लालीकडे येतो. रंग घातलेलं असेल तर लाल तसंच राहतं. आमच्याकडे शाळेतल्या पोरांना दाखवतो, खूश होतात.

आणि आमसुलाचं. चांगलं आमसूल म्हणजे साल रसात बुडवून उन्हात, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, अशी पुटं दिलेलं. बोटाला चिकट लागतं, वास आंबूस-गोड येतो. कोरडं खडखडीत, पांढरट मीठ वर आलेलं घेऊ नका. आणि पावसाच्या तोंडावर घाईने वाळवलेलं, आत ओल राहिलेलं तर अजिबात नको, बुरशी धरतं.

रातांबी

भाऊ, सोड्याची रीत अगदी बरोबर. अँथोसायनिन आंबट पाण्यात लाल आणि अल्कलीत निळी होतात. त्यात भर एवढीच की प्रकाश आणि उष्णता या दोन्हींनी ती मोडतात. काचेच्या बाटलीत खिडकीत ठेवलेलं आगळ सहा महिन्यांनी तपकिरी दिसतं, तेव्हा रंगद्रव्य बरंचसं गेलेलं असतं. बुरशीचं तर फार महत्त्वाचं बोललात. काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे लिव्हरच्या कॅन्सरचं ठाऊक असलेलं कारण आहे. शेंगदाणे, मका, सुकी मिरची यांत ते जास्त सापडतं, पण बुरशी आलेलं सुकं काहीही धुऊन वापरू नये, टाकून द्यावं.

मीनल_पुणे

मग फ्रीझरमध्ये रातांबे ठेवले तर? आणि जांभळं? पुण्यात हंगाम तीन-चार आठवड्यांचाच असतो.

रातांबी

दोन्ही छान राहतात. रातांबे धुऊन पुसून, बी-गर काढून नुसती साल पिशवीत. लागेल तशी चार साली गार पाण्यात कुस्करायची, चिमूट जिरेपूड, थोडं मीठ, झालं पेय. आमच्या घरी मे महिन्यात दुपारी हेच असतं. बी टाकू नका, मुठेल (कोकमाचं तेल) होतं त्याचं. जांभळं बियांसकट ठेवा आणि सालीसकट खा, गाळून रस करू नका. साल गेली तर रंगद्रव्य गेलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जांभळाच्या बियांची पावडर मनाने सुरू करू नका, साखर खाली जाऊ शकते.

भिरंडेल

किडनीवाल्यांसाठी एक राहिलं. आमच्या अंगणात करमळ (स्टारफ्रूट) लगडतात आणि शेजारी सगळ्यांना वाटतात. तेही अँटिऑक्सिडंटवालंच ना?

डॉ_माणगावकर

अँटिऑक्सिडंट आहे, आणि किडनी निकामी असलेल्याला जीवघेणंही आहे. आधी उचक्या लागतात त्या थांबत नाहीत, मग भ्रम, मग झटके. डायलिसिसवर असलेल्याने करमळाची एक फोडही तोंडात घालू नये. वाटताना घरात किडनीचा रुग्ण आहे का हे आवर्जून विचारा.

अवधूत_क

माझा एसजीपीटी ७८ आला आहे, सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर. वजन ८४. आवळा पावडर घेत होतो ती आज थांबवतो. पण काहीतरी सुरू करायला हवं ना?

डॉ_माणगावकर

अवधूत, आधी हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या, आपल्याकडे हे राहून जातं. शुगर, कोलेस्टेरॉल बघा, आणि लिव्हर किती कडक झालंय ते बघणारा फायब्रोस्कॅन एकदा करा. एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हर कडक झालेलं सापडतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर जाऊ नका. चहातली साखर बंद, रोज पाऊण तास घाम येईल असं चालणं. काळी कॉफी आवडत असेल तर प्या, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे आजार कमी दिसतात हे बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत आलंय. सहा महिन्यांत सहा किलो हे ध्येय ठेवा. संध्याकाळच्या भुकेला वडापावऐवजी हंगामात जांभळं, थंडीत मीठ न लावलेला कच्चा आवळा. तीन महिन्यांनी एसजीपीटी परत करून इथेच लिहा.

अवधूत_क

लिहितो डॉक्टर. हिपॅटायटिसची तपासणी उद्याच करतो.